पहिलं नाव

निशाने तिसऱ्यांदा बेरीज केली. पुन्हा एकशे सतराच. तिने कॅल्क्युलेटरवरही संशय घेऊन पाहिला, पण आकडा काही बधेना. तिच्या जुन्या गाईड निकाळजे मॅडमना प्रोफेसरपदासाठी एकशे वीस गुण लागत होते, फाईल पाचच्या आत वर जायची होती आणि त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आता नाही तर कधीच नाही.

मानसशास्त्र विभागात बाकीच्यांचे तीस-तीस पेपर होते. वाचणारे मात्र बहुतेक लिहिणारेच. मॅडमचे अवघे अकरा. पण फुलंब्रीच्या बायकांना काळजी कशी पोखरते, ते मोजणारी प्रश्नावली ज्या पेपरात होती, त्या एकट्याला दोनशे छत्तीस सायटेशन मिळाली होती. ब्राझीलच्या संशोधकांनीसुद्धा त्याचा हवाला दिला होता. निशाला याचा असा काही अभिमान, की तिने ते सगळे हवाले छापून फाईलला जोडले होते.

फक्त त्या पेपरवर पहिलं नाव होतं अंगणवाडी सेविका आवडाबाई जाधव यांचं. मॅडम तिसऱ्या. लग्नपत्रिकेत थोरल्यांची नावं आधी, तसं पेपरवर गाईडचं नाव आधी, ही इथली रीत मॅडमनी जन्मात पाळली नाही. आणि नियम असा, की पहिल्या नावाला घसघशीत गुण, मागच्यांना चिमूटभर. पहिल्याने मुख्य काम आपलं नव्हतं असं लिहून दिलं, तरच ते गुण मागच्याला.

म्हणून निशाने मॅडमना न विचारता आवडाबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या जीपने आल्या, चष्मा लावला आणि टाईप केलेलं पत्र बोट ठेवून वाचू लागल्या. 'माझे काम केवळ माहिती गोळा करण्याचे होते. मुख्य संशोधन डॉ. निकाळजे यांचे.'

"हे खरं नाय," त्या म्हणाल्या. "निम्मे प्रश्न माझे हायेत. बाईंचे लई पुस्तकी होते, बायकांना कळंनात."

"माहीत आहे. पण तीन गुणांसाठी त्यांचं पद जातंय हो."

आवडाबाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग पेन उघडलं.

"बाईंसाठी देते. माझ्यावानी अजून कुणाचं नाव हाय का पुढं?"

"आहे एक पेपर."

"कुणाचा?"

निशाने फाईलची पानं सरळ केली, सरळच होती तरी.

"माझा. मॅडम दुसऱ्या आहेत. त्याच्यावरच मला इथे नोकरी लागली."

"त्याचंबी पत्र दिलं तर जमल का?"

"जमेल."

"मग तुम्ही दिलं व्हय?"

आवडाबाईंनी हे अगदी साधेपणाने विचारलं होतं. निशाचे कान तापले. सकाळपासून दहादा ते पान हाताखालून गेलं होतं आणि दहाही वेळा तिने ते पटकन उलटलं होतं.

तेवढ्यात तास संपवून निकाळजे मॅडम आत आल्या. आवडाबाईंना पाहून चेहरा खुलला, मग टेबलावरचा कागद दिसला. उभ्या उभ्याच त्यांनी तो वाचला.

"निशा, तुझ्या पेपरसाठी मी असं पत्र मागितलं असतं, तर दिलं असतंस?"

निशाला खोटं बोलता आलं असतं. समोर दुसरं कुणी असतं तर ती बोललीही असती.

"नसतं दिलं, मॅडम. रात्र-रात्र जागून लिहिलाय तो मी."

"नसतंच द्यायचं," मॅडम म्हणाल्या. रागाचा लवलेश नव्हता. उलट उत्तर आवडल्यासारखं दिसत होतं. "मग यांनी का द्यायचं?"

आवडाबाईंनी सही न करताच पेनाला टोपण लावलं. मॅडम त्यांना घेऊन चहाला गेल्या.

साडेचार झाले होते. निशाने फाईल पुढे ओढली आणि एकूण गुणांच्या चौकटीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, एकशे सतरा.