वांग्यावर घातलेला आळ

सुनंदाबाईंच्या बोटांचे सांधे सुजले आणि पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी भरताची वांगी यायची बंद झाली. वांगं वातूळ, हे खान्देशात लहान पोरही सांगेल. पण बाई तेवढ्यावर थांबतील तर ना! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुनेला माहेरी न्यायला तिची आई आणि भाऊ शिरपूरहून आले, तेव्हा भरल्या पंगतीत त्या म्हणाल्या, "हाई रोज भरीत करे, ते खाईखाई मना हात गयात. तुमनी पोरले काई समजत नही."

मोनाली त्या दिवशी गेली, ती पोळा आला तरी परतली नाही.

वांगं गेलं, सून गेली, सूज मात्र वाढतच राहिली. शेवटी मुलगा हेमराज आईला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बोटं पाहिली, मग तोंड उघडायला लावलं. "हिरड्यांतून रक्त येतं?"

बाईंनी झटकन तोंड मिटलं. रक्त कधीपासूनच येत होतं. डॉक्टर सगळे दात उपटतील या भीतीने त्या रोज थुंकून वर तांब्याभर पाणी ओतायच्या.

"या आजाराचं एकच कारण सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हिरड्यांतल्या काही जंतूंमुळे शरीर बिथरतं आणि स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, असं दिसायला लागलंय. गोळ्या देतो, पण दातांचा इलाजही लगेच करा."

"आणि वांगं?"

"वांग्याने काय केलंय?" डॉक्टर हसले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी त्या हेमराजबरोबर शिरपूरला गेल्या. बसमध्ये जुळवलेलं बोलणं दारातच विसरल्या. पानं मांडली होती. मोनालीने सगळ्यांना भरीत वाढलं आणि सासूचं ताट ओलांडून ती पुढे गेली. "तुमना करता दाळ शे, आई. भरीत तुमले चालत नही."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी विहिणीकडे पाहिलं. "बराच दिन व्हयनात, मना हिरडामाईन रगत येस. मी लपाडी ठेवं. आन बोल मीच मोनालीले लावा." मग वाकड्या बोटांनी ताट पुढे सरकवलं.

मोनाली वळून सासूच्या ताटापाशी आली. मग तिने भरीत वाढलं, सासूच्या बोटांकडे बघून भाकरीही मोडून दिली.

"जेवा पह्यले. मी येवानं का नही, ते मंग सांगसू."

बाईंनी घास घेतला. मिरची हिरड्यांना सणकून झोंबली. त्यांनी हूं की चूं केलं नाही.