फिरवलेली स्क्रीन

जन्मभर लोकांच्या पोटात डोकावलेले डॉक्टरकाका आज स्वतःच सोनोग्राफीच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडले होते. यकृतातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता, आणि सुई धरणार होती त्यांच्याच हाताखाली शिकलेली पुतणी.

"जेली गार आहे. कोमट करून ठेवायला शिकवलं होतं ना?" ते कुरकुरले.

"शिकवलं होतं, काका. आता गप्प पडा."

चष्मा बाहेर काकूंकडे राहिला होता, त्यामुळे स्क्रीनवर त्यांना नुसता करडा धुरळा दिसत होता. पुतणीने बरगडीखाली प्रोब टेकवला, जरा तिरका केला आणि तिथेच थांबली. मग डाव्या हाताने तिने स्क्रीन हळूच स्वतःकडे फिरवली.

काकांनी ती हालचाल ओळखली. ही युक्ती त्यांचीच. शिकवताना ते सगळ्यांना बजावायचे, "चित्र बरं असेल तर पेशंटला बघू द्या. वाईट असेल तर मुकाट्याने स्क्रीन फिरवा. त्याला काय कळतंय?"

काय दिसलं, हे विचारायला त्यांना धीर होईना. तोवर पोट पुसून, बधिर करून तिने सुई उचललीसुद्धा.

"काका, श्वास धरा. बोलायचं नाही."

त्यांनी धरला. टेबलावरच्या माणसाला सगळं कळतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ऐन त्या वेळी प्रत्येकाला त्यांनी असाच श्वास धरायला लावला होता.