अंगठा राहिला

"अंगठा राहिला," साबणबाई म्हणाल्या.

मोठे डॉक्टर निमूट नळाकडे परत वळले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली आत, बाहेर बेसिन आणि बेसिनपाशी स्टुलावर साबणबाई. एकवीस वर्षं. प्रत्येकाने कोपरापर्यंत हात धुवायचे, त्यांनी मोठ्याने चाळीसपर्यंत मोजायचं. कुणी पंचविसाला हात काढला की पुन्हा एकपासून. माणसं तळवे मन लावून घासतात, अंगठ्याला सवतीच्या पोरासारखं वागवतात, हे त्यांचं निरीक्षण.

आज त्यांच्या लेकीचं बाळ पहिल्यांदा पेटीबाहेर येणार होतं. सातव्या महिन्यातलं, महिनाभर काचेआड. आईशिवाय घरचं एकच माणूस त्याला घेऊ शकणार होतं, आणि लेकीने आईला बोलावलं होतं. विहीणबाई बाकावर बसून ऐकवत होत्या, "आमचा मुलगा एका धुण्यात पास होतो. मला मात्र तीनतीनदा नापास करतात!"

साबणबाई स्टुलावरून उठल्या, नळाखाली उभ्या राहिल्या. अकरापर्यंत आल्या आणि साबण झोंबला. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातली जुनी भेग आज सुजली होती. दाबली, तर पू आला.

सिस्टरने पाहिलं. हळूच म्हणाली, "मावशी, हातमोजा घाला नि जा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"अहो, पहिल्यांदा घ्यायचंय नातवाला!"

"गेल्या आठवड्यात बोट कापलेला तो बाप दाराबाहेर रडत होता. त्याला दिला होता आपण मोजा?"

साबणबाई बाकाकडे वळल्या.

"विहीणबाई, या. बाह्या वर करा."

"मी? अहो, पण तुम्ही..."

"अंगठी काढा. हं. एक, दोन..."

चाळीस झाले. विहीणबाईंनी दोन्ही हात पुढे धरले. चोख धुतले होते, अंगठ्यांसकट. साबणबाई त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"अंगठा राहिला."

विहीणबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी भांडल्या असत्या. आज त्यांनी पुन्हा साबण घेतला.

दार उघडलं, मिटलं. काचेतून लेक आईला शोधत होती. आत बाळ रडलं, मग गप्प झालं.

साबणबाईंनी कोपराने नळ बंद केला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "घड्याळ काढा."