मेधासिंधू आणि झोपाळू उंदीर

महामाया सोनकांबळे नांदेडला फार्माकॉलॉजीत एम.फार्म. करत होती, आणि म्हणजे नेमकं काय, हे देगलुरात कुणालाच धड कळलं नव्हतं. तिचे वडील केरबा एस.टी.त कंडक्टर. देगलूर-नांदेड गाडीत तिकिटं फाडता फाडता ते ओळखीच्या प्रवाशाला सांगायचे, "पोरगी डॉक्टरकीच शिकून राहिली. फक्त माणसाच्या आधी उंदरावर." प्रवासी मान डोलवायचा आणि गाडीतून उतरला की गावभर करायचा की केरबाची पोरगी उंदराची डॉक्टर झाली. एकदा एका भुसार अडत्याने तिच्या आईला, पार्वतीबाईंना, रस्त्यातच गाठलं.

"वैनी, आमच्या गोदामात लई उंदरं झाल्यात. महामायाला पाठवता का एकदा?"

"ती मारत न्हाई, औषध देती त्यास्नी."

"मग ऱ्हाऊ द्या," अडत्या म्हणाला.

खरं तर महामायाला माणसांचीच डॉक्टर व्हायचं होतं. त्या दिवसांत मराठवाड्यात जरा हुशार पोर दिसलं की त्याची रवानगी लातूरला ठरलेली. किल्लारीकडच्या भूकंपात गावंच्या गावं बसली आणि पुढच्या काही वर्षांत लातूर शहरात क्लासच्या इमारती उठत गेल्या. खालच्या मजल्यावर फिजिक्स, वर केमिस्ट्री, गच्चीवर पत्रे ठोकून मेस. महामायाला बारावीला बसलिंगप्पा हुडगे सरांच्या क्लासात घातलं होतं. सर बायॉलॉजी शिकवायचे. आवाज खोल, बोलणं संथ, डोळे अर्धे मिटलेले. 'पेशी' म्हटल्यावर 'भित्तिका' म्हणेपर्यंत पोरांचं पेन कोरडं व्हायचं. सर समाधीतून शिकवतात, अशी त्यांची कीर्ती होती.

सरांच्या ऑफिसातच 'मेधासिंधू' मिळायचं. वेलचीच्या वासाचं तपकिरी सरबत, बाटलीवर मेंदूचं चित्र, मेंदूमागून सूर्य उगवतोय. रात्री जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे, त्यातल्या ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते. महामायाने ते वर्षभर इमानदारीने घेतलं. त्या वर्षी पुस्तक उघडलं की तिच्या पापण्या जड व्हायच्या. बारावीला मार्क गडगडले, एम.बी.बी.एस. हुकलं. घरी कुणी चकार शब्द काढला नाही. तिनेच मनाशी ठरवून टाकलं की आपलं डोकं मुळात मठ्ठ. मग नांदेडला बी.फार्म.ला गेली आणि तिथं ते मठ्ठ डोकं असं काही पळायला लागलं की ती वर्गात पहिली आली. चमत्कार म्हणून तिने तो स्वीकारला आणि सोडून दिला.

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा तिचे गाईड राघवेंद्र उमरीकर सर भलतेच खुशीत होते. उमरीकर सर वाईट माणूस नव्हते, पण वाद आणि घाम या दोन गोष्टींपासून जन्मभर लांब राहिले होते.

"विषय आयताच आलाय बघ," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावर बाटली ठेवली. मेंदू, मागून सूर्य. "लातूरच्या हुडगे सरांना विद्यापीठात तपासलेलं टॉनिक असं लेबलवर छापायचंय. आपल्या लॅबला नवं उपकरण देतायत ते. उंदरांची स्मरणशक्ती वाढते एवढं दाखवायचं. सोपं आहे."

"आणि नाही वाढली तर सर?"

"महामाया, तू आधी वाढव तर."

तिने उंदरांचे दोन गट केले. एका गटाला मेधासिंधू, दुसऱ्याला नुसता साखरेचा पाक. नियमाप्रमाणे उंदरांच्या शेपटीवर शाईच्या खुणा असायच्या, पण पिंजऱ्यापाशी दिवस काढणाऱ्या माणसाला खुणांवर भागत नाही. तिने त्यांना नावं दिली: टॉपर, रिपीटर, मेरिट, डोनेशन.

स्मरणशक्तीची चाचणी अशी. पेटीत मधोमध लाकडी ओटा, भोवती तारांची जाळी. ओट्यावरून खाली उतरलं की पायाला हलकासा झटका बसतो. ज्याला आदल्या दिवसाचा झटका आठवतो तो दुसऱ्या दिवशी ओटा सोडत नाही. जितका वेळ वर, तितकी आठवण पक्की. पाक प्यालेले उंदीर थोडा वेळ विचार करून उतरले. मेधासिंधूवाला टॉपर मात्र ओट्यावर बसला तो बसलाच. रिपीटरही बसला, मेरिटही बसला. एकानेही खाली पाय टाकला नाही.

उमरीकर सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला. "अफलातून! असा निकाल मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

"सर, एकदा इकडे येऊन बघता का?"

सर प्राणिघरात सहसा जात नसत, वास सहन होत नसे. नाकाला रुमाल लावून आले. ओट्यावर टॉपर बसला होता, स्थिर, गंभीर. महामायाने त्याला बोटाने ढोसलं. टॉपर कलंडला, उताणा झाला आणि घोरायला लागला.

"सर, ह्याला काही आठवून नाही राहिलं. हा झोपलाय."

"चिंतन करत असेल," सर रुमालाआडून म्हणाले.

तिने मग सरांना न विचारता दुसरी चाचणी लावली. आडवी दांडी हळूहळू फिरत राहते आणि शुद्धीतला उंदीर तिच्यावर चालत तोल सांभाळतो. पाकवाले उंदीर डोंबाऱ्याच्या पोरासारखे चालले. मेधासिंधूवाले पिकल्या जांभळांसारखे टपाटप खाली. डोनेशन तर दांडीवर ठेवण्याआधीच पडला.

शेजारच्या विभागात तिची मैत्रीण मुग्धा होती. औषधात काय काय मिसळलंय ते वेगळं करून ओळखणं हाच तिचा अभ्यास. महामायाने तिला बाटली दिली. दोन दिवसांनी मुग्धा एक काचपट्टी घेऊन आली. पट्टीवर शेजारी शेजारी दोन डाग होते, सारख्याच उंचीवर चढलेले.

"डावीकडचा तुझ्या टॉनिकचा. उजवीकडचा डायझेपामचा."

"झोपेच्या गोळीचा?"

"बराबर. वेलची, साखर आणि झोपेची गोळी. ब्राह्मीचं एक पान सापडलं तर मी नाव बदलीन."

महामाया आधी हसली. टॉपर, मेरिट, मेंदूमागचा सूर्य, सगळं आठवून पोट धरून हसली. मुग्धाही हसायला लागली. मग महामाया पिंजरे धुवायला गेली आणि नळाखाली हात धरून तिला रडू फुटलं. बारावीपासून ती स्वतःला मठ्ठ समजत आली होती. वर्गातली ती सगळी पेंगणारी पोरंही स्वतःला तेच समजत होती. त्यांतली किती घरी परत गेली, कुणी हिशेब ठेवला होता?

त्याच आठवड्यात ती एस.टी.ने लातूरला गेली. वाटभर तिने मनातल्या मनात भांडण पाठ केलं, शिव्यांसकट.

बसलिंगप्पा सर ऑफिसात बसले होते, तसेच, डोळे अर्धे मिटून. तिने ओळख सांगितली आणि काय सापडलं ते एका दमात सांगितलं. सरांनी सावकाश ड्रॉवर उघडला, आतून अर्धी संपलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी पण घेतो," ते म्हणाले. "रोज. सकाळी दोन, रात्री चार चमचे."

महामायाचं पाठ केलेलं भांडण तिथंच विरलं.

"कधीपासून, सर?"

"भूकंपापासून." आणि त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "मामा, बाहेर या जरा."

बाहेर आले ते सिद्रामप्पा, सरांचे सख्खे मामा. धोतर, कोपरी, जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी औश्याकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. टॉनिक तेच बनवायचे. भाच्याने विचारलं, "ही पोरगी म्हणतीय ते खरं हाय का?" म्हाताऱ्याने लपवालपवी केली नाही. उलट कुणीतरी विचारायची वाटच बघत असल्यासारखे खाली बसले.

"खरं हाय. पत्र्याच्या शेडात होतो बाई आम्ही समदे. मान्सं झोपंनात. पत्रा वाजला की उठून पळायची. सरकारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर म्हणाली, ह्या येड्याच्या गोळ्या, आम्ही न्हाई घेत. मग मीच कुटून पाकात घातल्या, वेलची टाकली, म्हटलं शक्तीचं टॉनिक हाय. झोपली मान्सं. ह्याची बायको अन् लेक गेली ढिगाऱ्याखाली. हा तर डोळा मिटायलाच तयार न्हवता. ह्याला पाजलं. मग हा उठला, क्लास काढला."

"आणि पोरांना?" महामायाने विचारलं.

"होस्टेलातली पोरं रात्री रडायची, घरची आठवण काढून. एकाला दिलं, गप झोपला. त्याचा बाप म्हणला, काय जादू केली? मग ह्यानंच लेबल छापलं."

"मला वाटलं ब्राह्मी हाय," बसलिंगप्पा सर म्हणाले. त्यांची गावाकडची बोली तोंडावर आली होती. "मामा, तुम्ही मला ब्राह्मी म्हणला होता."

"तू इचारलंच न्हाईस परत."

सरांनी बाटली उचलली आणि खिडकीतून भिरकावण्यासाठी हात मागे घेतला. महामायाने झटकन तो हात धरला. विद्यार्थिनीने सरांचा हात धरायचा तो लातुरातला पहिलाच प्रसंग असावा.

"एकदम बंद नका करू सर! इतक्या वर्षांनी एकदम सोडलं तर झटके येतील. जीवावर बेतेल. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडं थोडं कमी करायचं, काही महिने. हे आमच्या अभ्यासाचं आहे, माझं ऐका."

सरांनी बाटली खाली ठेवली. नववीतल्या पोरासारखे ते तिच्याकडे बघत होते. "आणि पोरांचं काय करायचं?"

"आजपासून एक बाटली विकायची नाही. पालकांना बोलवायचं आणि खरं सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी औषध निरीक्षकाकडे जाणार. तुम्ही सांगितलं तरी जाणारच आहे, पण मग जरा सावकाश जाईन."

पालकसभा रविवारी भरली. सरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. महामाया शेजारी उभी राहिली आणि रोज घेणाऱ्या पोरांना कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, ते एकदम का थांबवायचं नाही, हे समजावत राहिली. आता खुर्च्या उडणार असं तिला वाटत होतं. काही पालक तावातावाने उठलेही. एकाने सिद्रामप्पांची कॉलर धरायची ठरवली, पण कोपरीला कॉलर नसल्यामुळे तो नुसताच ओरडत राहिला. तेवढ्यात मागून निलंग्याकडचे एक गृहस्थ उठले.

"ते समदं ठीक हाय. पण मग आता आमच्या पोराला जागं राहायला काय द्यायचं, ते सांगा."

सगळी सभा महामायाकडे बघायला लागली. तिला मोठ्याने हसू आलं, मग त्या माणसाचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं. तो चेष्टा करत नव्हता.

"काही नका देऊ काका," ती म्हणाली. "रात्री झोपू द्या. रडलं तर घरी न्या दोन दिवस."

"दोन दिवसांचा सिलॅबस बुडंल की," गृहस्थ म्हणाले, आणि बऱ्याच माना डोलल्या.

नांदेडला उमरीकर सरांनी दोन दिवस तोंड पाडलं, कारण उपकरण हातचं जाणार होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच प्रबंधाचं नाव बदललं. टॉनिकात लपवलेलं झोपेचं औषध स्मरणशक्तीच्या चाचणीला कसं फसवतं, असा नवा विषय. तोंडी परीक्षेला हैदराबादहून आलेल्या परीक्षकांनी ओट्यावरच्या उंदरांचे आकडे पाहून विचारलं, "एवढा वेळ हे वर का बसले?"

"झोपले होते, सर."

परीक्षक खळखळून हसले. शेजारून उमरीकर सर गंभीरपणे म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती." महामायाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना तेवढं श्रेय घेऊ दिलं.

बसलिंगप्पा सरांवर खटला झाला, दंड झाला, पेपरात फोटो आला. क्लास बंद पडेल अशी सगळ्यांची खात्री होती. पण औषध कमी होत गेलं तशी सरांची पहाटे झोप मोडायला लागली आणि उगीच छताकडे बघत बसण्यापेक्षा त्यांनी पहाटेची बॅच काढली. डोळे पूर्ण उघडे, बोलणं इतकं भरभर की पोरांचे हात दुखायचे. बॅच तुडुंब भरली.

कधी कधी बॅचच्या आधी ते महामायाच्या होस्टेलवर फोन लावायचे. रेक्टरबाई वैतागून तिला उठवायच्या. ती डोळे चोळत खाली जायची.

"काय झालं सर?"

"काही न्हाई. लेकीचं नाव आठवून राहिलं होतं. शिवकांता." मग म्हणायचे, "इतकी वर्षं नुसता धूर होता गं. बोल जरा. ती गोळी मेंदूत नेमकी कुठं जाऊन बसते, ते परत सांग."

आणि महामाया, थंड फरशीवर उभी राहून, जांभया देत देत, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायची.