अकरा जुलैचे टाके

मित्रांनो, आज रेडिओला कुणी कपडे घालत नाही. एके काळी घालत असत. धूळ बसू नये म्हणून त्याच्या मापाची खोळ शिवत आणि गाणी लागायच्या वेळी तिचा पुढचा पदर उचलून वर टाकत. मी तशीच एक खोळ आहे. घरात मला सगळे 'कव्हर' म्हणत. माझ्या आतला रेडिओ केव्हाच गेला. मी मात्र अजून आहे, म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये, एका कपाटात, घडी घालून ठेवलेली.

माझा जन्म गुरुराव रंगाऱ्यांच्या घरचा. कापड रंगवायचे आणि लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापायची, हे त्यांच्या घराण्याचे पिढ्यांचे काम. पुढे गिरणीचे छापील कापड दुकानोदुकानी मिळू लागले आणि गुरुरावांचे ठसे कोनाड्यात जाऊन बसले. शेवटचा तागा त्यांनी १९५८ साली छापला. पांढऱ्यावर गडद लाल कैऱ्या आणि कडेने चार बोटे कोरा काठ. त्याच वर्षी त्यांचा मुलगा गुंडुराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि घरात रेडिओ आला. नव्या सुनेने, गौराबाईने, ताग्याचा उरलेला तुकडा कापून मला शिवले. तेव्हा तिच्या लग्नाला तीन महिने झाले होते. सासरच्या घरात तिच्या हातून झालेली पहिली वस्तू मीच.

माझ्या कोऱ्या काठाकडे पहिल्यांदा लक्ष गेले ते भानुमतीचे. भानुमती ही गुंडुरावाची धाकटी बहीण, तेव्हा बारा वर्षांची. नरसिंहमूर्ती नावाच्या गायकाच्या आवाजाचे तिला वेड होते. हे नाव तुम्ही ऐकले नसेल. ते सिनेमात थोडे आणि रेडिओवर जास्त गायले, आणि मोठ्या गायकांच्या पंगतीत त्यांना कुणी बसवले नाही. पण भानू आणि गौराबाई या नणंद-भावजयींना दुसरा गायक दिसतच नसे. एके दिवशी भानूने सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या काठावर साखळी टाक्याने एक तारीख भरली. नरसिंहमूर्तींचा आवाज आमच्या घरात पहिल्यांदा आला, ती तारीख.

मग ती रीतच पडली. भानूने पाठवलेले पोस्टकार्ड रेडिओवर वाचले गेले, "चामराजपुरमची भानुमती" असे नाव आले आणि गुरुराव पंचा सावरून रेडिओसमोर हात जोडून उभे राहिले, ती तारीख. दसऱ्याच्या प्रदर्शनात नरसिंहमूर्ती गायला आले, माईक बंद पडला आणि ते तसेच गात राहिले, ती तारीख. त्या दोघी शेवटच्या रांगेत होत्या. एक अक्षर ऐकू आले नव्हते. तरी सारे ऐकले असे दोघी जन्मभर शपथेवर सांगत. वाद होता तो एवढाच.

"पांढरी शाल होती त्यांच्या अंगावर," भानू म्हणे.

"शाल कुठली गं? तपकिरी कोट होता. बटण तुटलेला."

"अय्यो वैनी, एवढ्या लांबून बटण दिसलं तुला?"

"तुला शाल दिसते, मला बटण दिसू नये?"

त्या भांडणाइतके गोड काही मी त्या रेडिओतूनही ऐकले नाही.

मित्रांनो, आता जे सांगते ते घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते.

१९६१ च्या मार्चमध्ये गौराबाईला मुलगी झाली. तिचे नाव कृष्णवेणी ठेवले. चार महिन्यांची असताना तिला ताप आला. घरात धावपळ नको म्हणून भानूला नंजनगूडला मामाकडे पाठवले. तिसऱ्या दिवशी, अकरा जुलैला सकाळी, लेकरू गेले. वडीलधाऱ्यांनी सांगितले की इतक्या लहान जिवाचे श्राद्ध नसते, त्याचा दिवस पाळत नाहीत. पाळणा दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकाकडे गेला. आठ दिवसांनी भानू परत आली, तेव्हा त्या मुलीचे नाव घरात कुणी उच्चारत नव्हते. तिनेही विचारले नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी भानू सुईदोरा घेऊन बसली होती. गौराबाई तांदूळ निवडत होती.

"भानू, माझी एक तारीख भरशील?"

"कुठली गं, वैनी?"

गौराबाईने सुपातून मान वर केली नाही. "अकरा जुलै. ते मोगऱ्याचं गाणं आहे ना त्यांचं, ते त्या दिवशी पहिल्यांदा लागलं. तू मामाकडे होतीस."

"आणि मला आज सांगतेस? चार महिने पोटात ठेवलंस!"

"ठेवलं," गौराबाई म्हणाली.

भानूने तारीख भरली. इंग्रजी आकड्यांत, अकरा, सात, एकसष्ट. संध्याकाळी ती बाहेर गेल्यावर गौराबाई माझ्यापाशी आली. तिने त्या आकड्यांवर बोट ठेवले आणि हळूच म्हटले, "कृष्णवेणी."

त्या घरात कृष्णवेणीचा दिवस पाळायला एवढीच जागा होती. माझ्या काठावरची चार बोटे.

पुढे दरवर्षी अकरा जुलैला गौराबाई शेवयांचे पायस करू लागली. पहिली वाटी माझ्यासमोर ठेवायची, आकड्यांवरून बोट फिरवायचे, मग सगळ्यांना वाढायचे. घरात ती थट्टाच होऊन बसली.

"आज वैनीच्या गाण्याचा वाढदिवस!" भानू म्हणायची.

गुंडुराव वर्कशॉपमधून आला की बूट काढता काढता म्हणायचा, "माझा वाढदिवस हिला आठवत नाही, त्या मूर्तीच्या गाण्याचा बरोबर आठवतो. साकु, पुरे झालं, आता मीच गायला शिकतो."

सगळे हसत. गौराबाईही हसे. पायस मात्र ती खात नसे.

वर्षे गेली. गुरुराव गेले. घरात ट्रान्झिस्टर आला, मग टीव्ही आला. माझ्या आतला रेडिओ मुका झाला, तरी मला त्याच्यावरच ठेवले होते. भानू शाळेत शिक्षिका झाली, तिने लग्न केले नाही. व्याकरणाची एक चूक दिसली की तिला घास गिळवत नसे. १९८९ साली नरसिंहमूर्ती वारले. भानूने ती तारीख काळ्या दोऱ्याने भरली आणि सुई ठेवून दिली. माझ्या काठावर आता एकतीस तारखा होत्या. पुढची बावीस वर्षे माझ्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. फक्त गौराबाई रोज सकाळी धूळ पुसायची. तिला मोतीबिंदूने दिसेनासे झाले तेव्हा ती ती तारीख बोटाने वाचू लागली. दोन उभ्या काठ्या, मग सात.

२०११ साली शहरातल्या नरसिंहमूर्तींच्या चाहत्यांनी एक प्रदर्शन भरवायचे ठरवले. त्या मंडळींचे प्रमुख अंबाजीराव एका सकाळी आमच्या घरी आले. त्यांच्याकडे प्रत्येक रेकॉर्डचे साल, रेडिओच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, सगळे वह्यांमध्ये लिहिलेले होते. गौराबाई त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती आणि गुंडुराव तिच्यापाशी. घरात भानू एकटीच.

अंबाजीराव चष्मा लावून माझ्याभोवती तासभर फिरले आणि भानू कुठली तारीख कशाची ते सांगत गेली. "मिस, हे कव्हर नाही, हा इतिहास आहे. काचेत घालून मध्यभागी लावू." मग त्यांचे बोट थांबले. "नोडी, हे बघा, ही एक चुकली."

"चुकली? माझी?" भानू उठून उभी राहिली.

"मोगऱ्याचं गाणं त्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं. चौदा तारखेला पहिल्यांदा लागलं. ही पत्रिका बघा. जुलैत ते लिहिलंही गेलं नव्हतं, ऐकणार कसं?"

भानूने पत्रिका दोनदा वाचली. तिचा चेहरा उतरला. "वैनीनं सांगितलेली तारीख आहे ती. तिची गल्लत झाली असेल."

"होते हो. पण चार माणसं बघणार. एका चुकीनं बाकीच्या तीस खोट्या ठरतात."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते. पण आमच्यासारख्यांचे सारे बोलणे मनातच राहते. दुपारी भानूने छोटी कात्री घेतली. पन्नास वर्षांचा टाका, तो सहज निघाला नाही. तिने एकेक कडी कापली, सुईच्या टोकाने दोरा उपसला आणि लाल कुसळे झाडून केरात टाकली. मग त्याच जागी तिने नवी तारीख भरली. चौदा, दहा, एकसष्ट. वैनीला दाखवू, खूश होईल, असे ती स्वतःशीच म्हणत होती. तिच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. म्हणून तर मला तिच्यावर रागावताही येईना.

तिसऱ्या दिवशी गुंडुराव गौराबाईला घेऊन आला. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने धूसर दिसत होते. चप्पल काढून ती आधी माझ्याकडे आली. बोट काठावरून सरकत आले. एक उभी काठी लागली. दुसरी लागली नाही.

"भानू, इथे काय झालंय?"

"वैनी, अगं तुझी तारीख चुकली होती! अंबाजीरावांनी पुरावा दाखवला. मी काढून बरोबर भरली. नाहीतर लोक हसले असते की."

गौराबाईने बोट त्या जागी परत फिरवले. "जुना दोरा कुठे आहे?"

"कुसळं झाली त्याची. टाकली केरात. का गं?"

"काही नाही. परवागिल्ला, असू दे." तिचा आवाज फाटला. गुंडुराव औषधांची पिशवी धरून दारात उभा होता. तो चटकन पुढे आला. "रडायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय? डोळ्याला पाणी लागलं तर टाका सुटेल."

"एका तारखेसाठी कुणी रडतं का, अण्णा?" भानू हसून म्हणाली.

आणि गौराबाई खरोखरच रडली नाही. ओठ घट्ट मिटून ती पलंगावर बसून राहिली. डोळ्यात पाणी येऊ द्यायचीही तिला मनाई होती.

प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. लोकांनी फोटो काढले. माझ्याखाली पाटी होती, 'सर्व तारखा तपासलेल्या आहेत.' नंतर मला काचेसकट घरी आणून भिंतीवर लावले. त्या अकरा जुलैला गौराबाईने पायस केले.

"आता चौदा ऑक्टोबरला करायचं की, वैनी!"

"हाताला सवय लागलीय गं," ती म्हणाली. वाटी ठेवून तिने बोट पुढे केले. ते काचेला लागले.

२०१३ च्या डिसेंबरात गौराबाई गेली. तिचे दिवस, तिचे श्राद्ध सारे रीतीप्रमाणे झाले. पुढचा जुलै आला. अकरा तारखेला सकाळी ऐंशी वर्षांचा गुंडुराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"भानू, आज थोडं पायस करशील?"

"अण्णा, ती तारीख चुकीची होती ना?"

"नव्हती," गुंडुराव म्हणाला. "कृष्णवेणी त्या दिवशी गेली."

भानूच्या हातातले भांडे तसेच राहिले. "तुला ठाऊक होतं? आणि दरवर्षी तू तिला हसायचास?"

"मी हसलो नसतो तर तुम्ही विचारलं असतं. ती सांगू शकली नसती."

"आणि मी टाके काढले त्या दिवशी? तेव्हा का नाही बोललास?"

गुंडुरावाने दाराची चौकट धरली. "पन्नास वर्षं आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो, भानू. मला सुरुवात करता आली नाही."

भानूने मला भिंतीवरून उतरवले, मागचे खिळे उपसले आणि काचेतून बाहेर काढले. तिने सुईत लाल दोरा ओवला. चौदा ऑक्टोबर उसवला. पण मित्रांनो, मी छप्पन्न वर्षांची होते. त्या जागी दोनदा भरून दोनदा उसवले होते. सुई आत गेली, दोरा ओढला, आणि कापड टर्रकन फाटले. तिने जरा बाजूला टोचून पाहिले. तिथेही तेच झाले. माझ्या काठाला तिथे आता दोन बोटे जातील एवढे भोक आहे. भानू ते हाताने झाकून किती तरी वेळ बसली होती. पायस त्या दिवशी झालेच नाही.

माझे आयुष्य आता थोडे उरले आहे. मला कसर लागू देऊ नका, उन्हात टाकू नका, एवढे मी मागू शकते, पण ते मागणे महत्त्वाचे नाही. तुमच्या घरातही एखादे म्हातारे माणूस असेल. ते एखादी तारीख चुकीची सांगत असेल आणि त्या दिवशी हट्टाने काही गोडधोड करत असेल. त्याला पुरावे दाखवू नका. पानावर बसा, पहिला घास घेण्याआधी थांबा आणि विचारा, "हे कुणाचं आहे?"

कदाचित ते सांगणार नाही. तरी विचारा.