मुकी पट्टी आणि मंडळीचा सूर

"मावशी, खरं खरं सांगा हं! तुम्हाला एवढा आनंद होतो तरी कशाचा? म्हणजे... तुमच्याकडे तर काहीच नाहीये!"

मित्रांनो, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे कान लालबुंद झाले होते. मागे चर्चच्या खांबाआड तिच्या मैत्रिणी तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. "विचारून दाखव, मग मानू तुला!" अशी पैज त्यांनीच लावली होती. आणि ही पठ्ठी गेली की खरंच विचारायला! तिचं बोलणं एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. प्रश्न विचारला होता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशींना. आणि हे सगळं जिने दाराआडून कान देऊन ऐकलं ती मी. तुम्ही म्हणाल, तू कोण गं बाई? सांगते. आधी माझी कहाणी ऐका, मग मावशींचं उत्तर.

मी एक जुनी पायपेटी आहे. हातपेटी तुम्ही पाहिली असेल. तिचा भाता हाताने मारावा लागतो, म्हणून वाजवायला एकच हात उरतो. माझं तसं नाही. माझ्या खाली दोन पायडलं आहेत. ती आलटून पालटून दाबली की भात्यात वारा भरतो आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. थोडक्यात काय, पाय थांबले की माझा श्वास संपला!

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. सुताराने सागवानाच्या फळ्यांना रंधा मारला. त्याच्या बायकोने भात्याला कातडं चिकटवलं. आणि जाड चष्म्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराने वारा लागला की सूर देणाऱ्या पितळेच्या पत्त्या घासून घासून माझा एकेक सूर जागा केला. तो पत्ती कानाशी धरायचा, कानशीने इवलंसं खरडायचा, पुन्हा कानाशी धरायचा आणि मान हलवायचा. "अजून रुसल्यात बाईसाहेब!" शेवटी बाईसाहेब हसल्या आणि मी तयार झाले.

तिथून मी एका छोट्या चर्चमध्ये आले. चर्चच्या शेजारीच पावाची भट्टी होती, त्यामुळे रविवारच्या उपासनेला नेहमी ताज्या पावाचा वास यायचा. पाळकसाहेब प्रार्थना करत असताना डोळे मिटलेली मुलं मध्येच ओठांवरून जीभ फिरवायची, मी पाहिलंय! मला खिडकीखाली मानाची जागा मिळाली. काय थाट होता माझा! लग्न असो, बाळाचा बाप्तिस्मा असो, कुणाला शेवटचा निरोप द्यायचा असो, माझ्यावाचून पान हलत नसे. मला वाजवायच्या मावशी. तेव्हा त्या तरुण होत्या आणि पायडल अशी मारायच्या की जणू सायकलवरून कुठे तरी निघाल्यात.

मग एका रविवारी भर गीतात माझी एक पत्ती तुटली. बरं, तुटावी तर कोपऱ्यातली तुटावी! तुटली ती अगदी मधली, प्रत्येक गीताच्या वाटेवरची. मावशींनी पट्टी दाबली आणि सूर येण्याऐवजी आलं नुसतं 'फुस्स'. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, फुंकर मारली, डोकं खाजवलं. "अशा पेट्या बनवणारे गेले, बाई. त्यांच्याबरोबर पत्त्याही गेल्या." तेव्हापासून ती पट्टी मुकी झाली ती झालीच.

पण माझ्या मंडळींनी काय केलं असेल? मुकी पट्टी आली की अख्खं चर्च आवाज चढवून तेवढा सूर स्वतः गायचं! भट्टीवाले काका तो सूर पिठाचं पोतं उचलावं तसा उचलायचे. पोस्टमन आजोबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा सूर सगळ्यांच्या मागून एकटाच यायचा आणि बारकी पोरं त्याची वाटच बघत असायची. त्याला सगळे 'मंडळीचा सूर' म्हणू लागले. नवा माणूस पहिल्यांदा दचकायचा, दुसऱ्यांदा हसायचा आणि तिसऱ्यांदा स्वतःही ओरडायचा. मला वाटे, माझं काही तुटलंच नाही. उलट त्या एका जागी मला शंभर गळे फुटलेत.

दिवस असेच राहत नसतात, मित्रांनो. टकळीचे पप्पा टायरचं दुकान चालवत. लेक संगीताच्या वर्गात चमकली, शाळांच्या स्पर्धेत पहिली आली, म्हणून त्यांनी हौसेने चर्चला एक कीबोर्ड भेट दिला. काय त्याचा रुबाब! एक बटण दाबलं की व्हायोलिन, दुसरं दाबलं की ढोल, तिसरं दाबलं की चक्क समुद्राच्या लाटा! मला ओढत दाराआड नेलं. माझ्या अंगावर छत्र्या, केरसुणी आणि पाणी गळणारी एक फुलदाणी आली. कुणी तरी माझ्या कडेला च्युइंगगमसुद्धा चिकटवलं. मावशींचे गुडघे तोवर कामातून गेले होते. "बरं झालं, पोरगी वाजवेल," असं म्हणून त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या. मला मात्र त्यांचा रागच आला. एवढी वर्षं पायाशी ठेवलंत आणि आता वळूनही पाहत नाही?

टकळी सुरेख वाजवायची, उगाच कशाला नाव ठेवू? पण तिला एक गोष्ट खटकू लागली. "अगं, सगळे एकाच जागी किंचाळतात!" ती मैत्रिणींना सांगायची. "स्पर्धेत असं केलं तर सरळ बाहेर काढतील." तिला वाटलं, या लोकांना चालच नीट येत नाही. तिने कीबोर्डचा आवाज वाढवला. पुढच्या रविवारी आणखी वाढवला. मंडळी भिडस्त. पोरीला आपला त्रास होतोय असं वाटून ती हळू गाऊ लागली, मग नुसती गुणगुणू लागली आणि हळूहळू गप्पच बसली. गीत संपलं की टाळ्या वाजवायची. भट्टीवाले काका हाताची घडी घालून उभे राहायचे. पोस्टमन आजोबा शेजाऱ्याला विचारायचे, "सुरू झालं का?" शेजारी सांगायचा, "संपलं."

टाळ्या टकळीला फार आवडायच्या. स्पर्धेचा चषक मिळाला तेव्हा तर ती चर्चच्या पायऱ्या नाचत चढली होती. पण चार दिवसांत दुसऱ्या शाळेतली कुणी मुलगी जास्त चांगलं वाजवते असं कानावर आलं आणि हिचा चेहरा दिवा गेल्यासारखा झाला. पुन्हा सराव, पुन्हा टाळ्या, पुन्हा धाकधूक. आणि समोर पहिल्या बाकावर मावशी! घरी एकट्या, गुडघे दुखणारे, शिलाई मशीन रोज बिघडणारं, आणि चेहरा बघावा तर नुकतीच कुणी तरी गोड बातमी सांगितल्यासारखा. मैत्रिणींमध्ये वाद सुरू झाला. एक म्हणाली, खरं आहे. दुसरी म्हणाली, नाटक आहे. त्यातूनच ती पैज लागली.

तर, मावशींनी प्रश्न ऐकला आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. "काहीच नाही कसं, बाळा? गुडघेदुखी आहे की! हवी का थोडी?"

मैत्रिणी खांबाआडून फिस्सकन हसल्या.

"या गं, तुम्हीही या बाहेर. आणि ती दाराआडची माझी मैत्रीण ओढून आणा."

माझी मैत्रीण म्हणाल्या हो मला! मुलींनी मला ओढलं, छत्र्या धडाधड पडल्या, फुलदाणी वाचली. मावशी हळूच बाकावर टेकल्या. "माझ्याने पायडल मारवत नाही आता. टकळे, तू शेजारी बस आणि पाय दे. हात माझे."

"पाय? मी?"

"मग काय मी पाळकसाहेबांना बोलावू?"

टकळी बसली. पहिल्यांदा तिने इतक्या जोरात दाबलं की मी चक्क शिंकले! मग जमलं. कितीतरी दिवसांनी माझ्या छातीत वारा भरला. मावशींनी एक जुनं गीत धरलं आणि मुकी पट्टी आली. फुस्स!

"ही बिघडलीये, मावशी."

"माहितीये. तिथेच तर तुम्ही म्हणता ते किंचाळणं यायचं."

टकळीचे पाय थांबले, म्हणून मीही गप्प झाले. मावशींनी माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि त्या बोलू लागल्या. "ही पत्ती तुटली ना, त्याच आठवड्यात आम्ही माझ्या यजमानांना माती दिली होती. सगळे म्हणाले, रविवारी येऊ नकोस. मी आले. हात चालत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. आणि मध्येच हिने फुस्स केलं. मला वाटलं, देवा, एवढंही ठेवलं नाहीस? तर मागून भट्टीवाल्यांचा आवाज आला. मग सगळ्यांचा. मला गाता येत नव्हतं ना, म्हणून माझ्या वाटणीचं ते गायले."

"मग तुम्हाला आनंद झाला?"

"छे गं! ढसाढसा रडले. पण घरी गेले, कुलूप काढलं, आणि त्या रिकाम्या खोलीत मला एकटं वाटलं नाही. प्रभू येशू आपल्याला सोडत नाही, हे मी तुझ्याएवढी असल्यापासून घडाघडा म्हणत होते. त्या दिवशी ते अंगात मुरलं. हा आनंद मी कमावलेला नाही, टकळे. त्याने दिलाय. कमावला असता तर रात्रंदिवस राखत बसले असते. आणि मी विसरले, खचले, तर शेजारचा माणूस माझ्यासाठी गातो. पुढे त्याच्यावर वेळ आली की मी त्याच्यासाठी गाते. भट्टी जळाली तेव्हा भट्टीवाल्या काकांसाठी आम्ही गायलो होतो की."

टकळीने मान खाली घातली. "आणि मी आवाज वाढवत बसले."

"तुला कुणी सांगितलंच नाही, बाळा. आम्हीही मुलखाचे भिडस्त!"

त्या दिवशी टकळी पैज जिंकल्याचंही विसरून घरी गेली म्हणे. मैत्रिणी घाबरल्याच!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच आली. माझ्यासमोर बसली आणि हात जोडून अगदी आपल्या नेहमीच्या बोलीत म्हणाली, "प्रभू, मला टाळ्या आवडतात, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण त्या घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत रे. मावशींकडे आहे ते मलाही दे. मी तुझ्यावर भरवसा ठेवते." बस्स, एवढंच. वीजबीज काही चमकली नाही. मग तिने रुमालाने माझी धूळ पुसली, नखाने ते च्युइंगगम खरवडून काढलं, आणि जाताना ती गुणगुणत होती. ऐकायला चर्चमध्ये कुणीसुद्धा नव्हतं. मी सोडून!

पण कुणाच्या मनात काय चाललंय हे मोठ्यांना कुठे ठाऊक? शनिवारी चर्चची साफसफाई होती. टकळीच्या मम्मी बाक पुसत होत्या. पप्पा टेम्पो घेऊन आले, सोबत दोन हमाल. "चला, ही अडगळ उचला आधी. भंगारवाला वाट बघतोय."

हमालांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं आणि माझी पायडलं जमिनीवरून सुटली. त्या क्षणी मला वाचा फुटली असती, तर मी सगळ्यांना एवढंच सांगितलं असतं. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा फडकं फिरवा. तिला वापरलेली माणसं अजून असतील, तर त्यांच्याजवळ जरा टेका आणि विचारा. आम्ही वस्तू आहोत, आज ना उद्या मोडणारच. पण आमच्या आधाराने माणसं एकमेकांसाठी काय करायला शिकली, ते भंगारात जाऊ देऊ नका.

"थांबा!" दारातून टकळी धावत आली. मागोमाग धापा टाकत, कठड्याला धरून मावशी. "खाली ठेवा तिला! पप्पा, सांगा ना त्यांना!"

"अगं, तुझ्यासाठीच जागा मोकळी करतोय! उद्या पाळकसाहेब सगळ्यांपुढे तुझा सत्कार करणार आहेत. एवढा कीबोर्ड आणलाय तो काय झाकून ठेवायला?"

"कीबोर्डवर मी चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांना शिकवीन, पप्पा. तुम्ही प्रेमाने आणलाय, तो वाया नाही जाणार. पण सत्कार नको."

पप्पांनी हमालांना हाताने थांबायची खूण केली. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला हळूच खाली टेकवलं.

मम्मी हातात फडकं घेऊन पुढे आल्या. लेकीच्या कपाळाला हात लावून त्यांनी ताप आहे का ते पाहिलं. "काय झालंय तुला? मग उपासनेत तू करणार काय?"

"ठरवलंय मी, मम्मी. उद्यापासून मी पायडल मारणार. हात मावशींचे, पाय माझे."

"नुसते पाय? अगं वेडे, पायांसाठी कोण टाळ्या वाजवतं?"

"कुणीच नाही," टकळी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता की पप्पांनी टेम्पोची किल्ली खिशात घातली. "कुणीच नाही वाजवत, मम्मी. आणि तरी मला उद्याचा रविवार कधी उजाडतो असं झालंय!"