जिन्यातल्या दिव्याची विश्रांती

मी एक जुना, पिवळा, जिन्यातला दिवा आहे आणि गेल्या शनिवारी संध्याकाळी मी कायमचा विझलो. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या इमारतीतही सगळे तसंच समजून चालले आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात एक बारीक तार घातली आणि तोंड बंद केलं. पुढे वायरमनने मला तळमजल्याच्या जिन्यात टांगलं. माझं बटण मात्र चुकून शेजारच्या शिवणमावशींच्या खोलीत बसवलं. मावशींनी नेमकं त्याच भिंतीला कपाट लावलं. झालं! मी रात्रंदिवस जळू लागलो. येणारा-जाणारा म्हणे, भर दुपारी दिवा, कुणाच्या बापाची वीज आहे? पण कपाट सरकवायला एक जण पुढे येईल तर शपथ.

मावशी तेवढ्या स्वतःचा दिवा न लावता माझ्याखाली पायरीवर बसून काजं-बटणं करत. सुईत दोरा गेला की वर बघून म्हणत, "शाबास रे बाबा."

मग सेक्रेटरींनी सभा घेतली. पृथ्वी तापत चालली आहे, तेव्हा शनिवारी तासभर अख्ख्या गल्लीने दिवे बंद ठेवायचे, असं ठरलं. मी स्वतःच तापत असल्यामुळे मला ते लगेच पटलं. 'दिवे मालवा' असा मोठा फलक लागला. अंधारात तो दिसणार कसा, म्हणून त्याच्यावर हॅलोजन सोडण्यात आला.

शनिवारी चौघांनी मिळून कपाट सरकवलं. तेव्हा वायरमन हळूच म्हणाला, की इतक्या जुन्या दिव्याची तार एकदा गार झाली की पुन्हा लावताना तुटते.

"म्हणजे हा उठायचा नाही?"

"बहुतेक नाही, मावशी."

सेक्रेटरी म्हणाले, राहू दे, एका दिव्याने काय होतंय.

"प्रत्येकाने आपापला एक वगळला, तर मालवायचं काय?" मावशी म्हणाल्या. मग दारातून माझ्याकडे बघत त्यांनी बटणावर बोट ठेवलं. "दमला असशील रे. पड जरा."

तासभर सगळे पायऱ्यांवर बसून राहिले. वर जायला दिसत नव्हतं, म्हणून एकमेकांशी बोललेसुद्धा. तास संपला, गल्ली उजळली. मावशींनी माझं बटण दाबलं नाही. कपाट जागेवर ढकललं आणि विचारणाऱ्याला सांगितलं, तो विश्रांती घेतोय.

आता माझ्या शेजारी एक छोटा नवा दिवा आहे. त्याचं बटण बाहेर आहे आणि वर जाणारा प्रत्येक जण तो आठवणीने मालवतो. मावशी त्याच्याच उजेडात शिवतात. शाबास म्हणताना मात्र माझ्याकडे बघतात.

मित्रांनो, काम झालं की दिवा मालवा. बटणापुढे कपाट लावू नका.

तरी माननीय सेक्रेटरींना सविनय विनंती, की 'दिवे मालवा' या फलकावरील हॅलोजन शनिवारपासून अहोरात्र चालू आहे, तो मालवण्यात यावा. तसेच सदर अर्जदार हयात असल्याचा दाखला, बटण न दाबता, देण्यात यावा.